‘गोळी घेतलीस का?’ : बायपोलर आजार आणि एका घरातली नाती

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. हे एकाच घराचं हुबेहूब चित्र नाही. कुटुंब-समुपदेशनाच्या कामात अशा घरांतून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका घरात आणून मांडल्या आहेत, त्यामुळे कुणाचीही ओळख शोधायला जाऊ नये.

नवरा 36 वर्षांचा. थोरल्या भावाबरोबर पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवतो. रिवाइंडिंग, सबमर्सिबल पंप, स्टार्टर, पॅनेल असं काम. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत. सासूबाई यांच्याच घरात, थोरले दीर-जाऊ भिंतीला भिंत लागून. समुपदेशनाला ही मंडळी आली तेव्हा नवरा रुग्णालयातून घरी येऊन काही आठवडे झाले होते. निदान बायपोलरचं झालं होतं, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं तर कधी नैराश्यात बुडतं असा आजार. औषधं सुरू होती, उन्माद उतरला होता. घरच्यांचं म्हणणं एकच होतं: ‘आजार आटोक्यात आहे म्हणतात डॉक्टर, मग घर का सावरत नाही?’

या प्रश्नाचं उत्तर औषधांच्या चिठ्ठीत नव्हतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागलं.

आधीची वर्षं

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना तो जवळजवळ तीन महिने खोलीबाहेर पडला नव्हता. जेवण नाही, दाढी नाही, मित्र आले तर चादर डोक्यावर. ‘विषय राहिले म्हणून मनाला लावून घेतलं,’ असं घरात ठरलं. गावातल्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली. पुढे तो उठला, हिंडू-फिरू लागला, आणि नंतरचे काही आठवडे तर नुसती धमाल. रात्ररात्र जागून त्याने अख्ख्या गल्लीचे पंखे-मिक्सर फुकट दुरुस्त करून दिले. सासूबाई ही आठवण आजही कौतुकाने सांगतात. पहिल्याच भेटीत त्यांनी ती सांगितली, आणि हा उन्मादाचाच पहिला, सौम्य फेरा असावा हे त्यांच्या कौतुकातूनच आमच्या लक्षात आलं.

बायपोलरचं निदान लांबतं ते इथे. आजार बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, आणि पुष्कळदा सुरुवात नैराश्याने होते. डॉक्टरांसमोर माणूस येतो तो खचलेला असताना. चढलेला असताना त्याला स्वतःला काहीच बिघडलेलं वाटत नाही आणि घरच्यांना तो ‘सुधारलेला’ वाटतो. मग नुसतं नैराश्य समजून उपचार होतात. पण बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती नैराश्याची गोळी दिली, तर ती उलटून उन्मादाकडे नेऊ शकते. म्हणून नैराश्याच्या रुग्णाला, आणि त्याहून जास्त त्याच्या घरच्यांना, एक प्रश्न विचारायलाच हवा: झोप अगदी कमी होऊनही ताजंतवानं वाटतंय, बोलणं-खर्च-बेत सगळं वाढलंय, असे दिवस पूर्वी कधी येऊन गेले का?

लग्न ठरताना ‘शिकताना जरा आजारी होता’ एवढंसुद्धा मुलीकडच्यांना कुणी सांगितलं नाही. त्यात कपट होतं असं मला वाटत नाही. त्या घराला तो आजार वाटलाच नव्हता. पण पुढे याच न सांगण्याचं ओझं या नात्यावर फार मोठं झालं.

सीझन

मोटारींच्या धंद्याचा सीझन मार्च ते मे. विहिरींचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालून जळतात, शेतकरी रात्री दहालासुद्धा मोटार ट्रॅक्टरमध्ये टाकून दारात येतो. त्या वर्षी मार्चमध्ये तो पहाटे चारला दुकान उघडू लागला. सुरुवातीला सगळे खूश. दोन वर्षं धंदा मंदा होता, आता धाकट्याने मनावर घेतलं असं दादांना वाटलं. मग त्याने तांब्याची वायंडिंग वायर उधारीवर इतकी उचलली की दोन सीझन पुरावी. कामाला चार नवी पोरं ठेवली. सोलर पंपांची एजन्सी घ्यायची म्हणून एका मध्यस्थाला अनामत दिली, त्यासाठी बायकोचे दागिने कपाटातून काढून गोल्ड लोन घेतलं. तिला सांगितलं ते घेतल्यावर.

बायकोला पहिल्यांदा खटकलं ते पैशामुळे नाही. ती म्हणाली, ‘हे प्रश्न विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचेच नाहीत. मी तोंड उघडेपर्यंत तिसऱ्याच विषयावर. मुलगी चित्र दाखवायला यायची, हे चित्र हातात घेऊन तिच्याशी बोलता बोलता बाहेर निघून जायचे.’ कितीतरी दिवस ती हे एकटीच बघत होती. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘नवरा कमवायला लागला तरी तुझी कुरकूर.’

पुढे झोप तीन तासांवर आली, तीही नावाला. गिऱ्हाइकांशी भांडणं सुरू झाली. भर दुकानात दादांची कॉलर धरली. आणि कॉलेजातल्या एका ओळखीच्या बाईला मध्यरात्री मेसेज जाऊ लागले: प्रेमाचे, लग्नाचे, एकत्र कंपनी काढण्याचे. तिच्या नवऱ्याचा फोन घरी आला तेव्हा बायकोला कळलं.

सासूबाईंनी आधी देवस्थान गाठलं. त्यात दहा-बारा दिवस गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अशा वेळी डॉक्टरआधी देव आठवतो, आणि देवाला नमस्कार करून दवाखान्यात जायला कुणाचीच ना नाही. अडचण येते ती एकासाठी दुसरं थांबवलं की. निदानाच्या चौकटीत बसण्यासाठी उन्माद साधारणपणे किमान एक आठवडा टिकलेला असावा लागतो. इथे पाच-सहा आठवडे उलटले होते, आणि तो आता दुकानाच्या गच्चीवरून ‘हवेतनं वीज खेचणार’ म्हणून सांगत होता.

शेवटी दादा आणि बायको त्याला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. तो राहायला तयार नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 89 प्रमाणे, माणसाची स्वतःची संमती नसेल आणि धोका गंभीर असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या डॉक्टराने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासून, जास्तीत जास्त 30 दिवस दाखल करून घेता येतं. त्याने आधी प्रतिनिधी नेमलेला नव्हता, त्यामुळे अर्जावर सही बायकोने केली. ती सही त्याने पाहिली. पुढचे कित्येक महिने तो एवढंच म्हणत राहिला: ‘दादाने नाही, तू मला आत टाकलंस.’

उतरल्यावर

घरी आला तो वेगळाच माणूस. उन्मादानंतर नैराश्य येणं या आजारात नेहमीचं. बाहेरच्यांना बायपोलर म्हटलं की गच्चीवरची भाषणं आठवतात, पण या आजारातला मोठा काळ नैराश्याचाच असतो. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपोलरच्या तीव्र प्रकारातल्या 146 रुग्णांची सरासरी जवळजवळ 13 वर्षं आठवड्याआठवड्याची नोंद ठेवली होती. एकूण काळाच्या सुमारे निम्म्या आठवड्यांत काही ना काही लक्षणं होती, आणि नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या तिपटीहून जास्त होते. नातं झिजतं ते बहुतेक या लांबलचक, आवाज न करणाऱ्या काळात.

तो खाटेवर पडून राहायचा. काय काय केलं ते सगळं त्याला आठवत होतं. पुष्कळांचा समज असतो की उन्मादातलं माणसाला आठवत नाही. याला मात्र वायरच्या उधारीचा आकडासुद्धा पाठ होता. एका संध्याकाळी तो बायकोला सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, ‘विम्याचे कागद वरच्या खणात आहेत.’ तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, ‘तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का?’ तो रडला आणि ‘हो’ म्हणाला. त्याच रात्री डॉक्टरांना फोन झाला, औषधं बदलली, काही दिवस कुणी ना कुणी सतत सोबत राहिलं. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरतो ही भीती खोटी आहे. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि विचारल्याने बोलायला वाट मिळते. अपरात्री कुणी डॉक्टर हाताशी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

या सगळ्यात तिचा एक प्रश्न तसाच पडून होता. तो तिने नवरा समोर नसताना विचारला. ‘मॅडम, ते मेसेज आजाराने लिहिले की यांनी लिहिले?’

अशा घरांतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. ‘आजारच तो, मनावर घेऊ नका,’ असं म्हणून तो उडवून लावू नये. उन्मादात ताबा सुटतो, कामभावना वाढते, परिणामांचा विचार उरत नाही. ही आजाराची लक्षणंच आहेत, आणि त्या मेसेजवरून त्याच्या चारित्र्याचा निवाडा करणं अन्यायाचं आहे. पण अपमान झाला तो तिचा, फोन आला तो तिला, दागिने गेले ते तिच्या आईने घातलेले. दुखापत खरी आहे, करणाऱ्याचा हेतू असो वा नसो. म्हणून आम्ही दोष आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दोष त्याच्यावर नाही. भरपाईची जबाबदारी मात्र त्याची, झेपेल तशी, बरं वाटायला लागल्यावर. दागिने सोडवण्याचे हप्ते त्याच्या वाट्यातून जातील. माफी तो मागेल, पण ‘आजारी होतो’ या शब्दांनी तिची सुरुवात करणार नाही. त्या दुसऱ्या घराची माफी दादा जाऊन मागतील, कारण त्याने पुन्हा संपर्क करणं त्या बाईंना त्रासाचं होतं.

त्याने माफी मागितली ती बऱ्याच उशिरा, पावसाळा सरता सरता. ती म्हणाली, ऐकून बरं वाटलं नाही, पण थांबलेलं काहीतरी सुटलं.

याच काळात तिच्या माहेरून घटस्फोटाचा आग्रह चालू होता. ‘लपवून दिलं’ हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. वकिलाने तिला सांगितलं ते इथे नोंदवण्यासारखं आहे: हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. आजार अशा प्रकारचा आणि इतका तीव्र असावा लागतो की जोडीदाराने एकत्र राहावं ही अपेक्षाच वाजवी ठरू नये. सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे आजार स्किझोफ्रेनियाचा होता. तिने अर्ज केला नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही तिला राहा किंवा जा असं काही म्हटलं नाही. समुपदेशकाने बायकोला नवऱ्याची नर्स म्हणून घरात बांधून ठेवणं मला मान्य नाही. राहणं हा तिचा निर्णय असेल तरच पुढचं काम उभं राहतं.

पहारा

दिवाळीच्या सुमाराला तो पुन्हा दुकानात बसू लागला. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध लागू पडलं होतं. आणि नेमक्या याच वेळी घरातली हवा जास्त बिघडली.

बायको रोज रात्री गोळ्यांची पट्टी मोजायची. तो कूस बदलला तरी तिला जाग यायची. तो आंघोळीला गेला की फोन बघायची. सासूबाई त्याचं जेवण मोजायच्या. तो क्रिकेट बघताना मोठ्याने हसला तर स्वयंपाकघरातून दोन माना एकदम बाहेर यायच्या. मुलगीसुद्धा शिकली होती: बाबा जोरात बोलले की ती टीव्हीचा आवाज कमी करायची.

एका बैठकीत तो दादांना म्हणाला, ‘दादा, बँकेतल्या करंट अकाउंटवरनं माझी सही काढलीस, मला विचारलं नाहीस. दुकान अर्धं माझं आहे.’ आवाज चढलेला होता, पण शब्द नीट होते, मुद्दा नीट होता. दादांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, ‘गोळी घेतलीस का?’

तो गप्प झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मॅडम, आता मला राग यायची पण परवानगी नाही.’

आमच्या कामाची दिशा या वाक्याने ठरवली. दादांनी सही खरंच काढली होती. उन्मादाच्या काळात तसं करणं योग्यही होतं. पण त्याला न सांगता करणं, आणि तो बरा झाल्यावरही तसंच ठेवणं, ही व्यवहारातली तक्रार होती आणि तिला व्यवहारातलंच उत्तर हवं होतं. ‘गोळी घेतलीस का?’ या प्रश्नाने ती तक्रार आजाराच्या खात्यात जमा झाली. असं होत राहिलं की माणूस दोनपैकी एक रस्ता धरतो: बोलणं बंद करतो, नाहीतर गोळी बंद करतो. गोळी बंद करणारे माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी ती दुष्परिणामांमुळे नाही तर या प्रश्नामुळे बंद केली.

घरच्यांची बाजूही तेवढीच खरी. दादा दुष्ट नाहीत. भर बाजारात धाकट्या भावाने कॉलर धरली तो दिवस त्यांना पुन्हा नको आहे. बायको फोन बघते कारण गेल्या वेळी तिने बघितला नव्हता. भीतीतून आलेली काळजी टीकेसारखी बाहेर पडते, आणि तिचा परिणाम मोजलेला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबाबत दाखवून दिलं की घरात टीका, वैरभाव आणि काळजीपोटी रुग्णात अति गुंतणं जास्त असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. पुढे डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी 1988 साली बायपोलरमध्येही तेच दाखवलं, आणि त्यातूनच कुटुंबाला बरोबर घेऊन करायची उपचारपद्धत उभी राहिली. आजार घरच्यांमुळे होतो असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्याच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण पुढचा फेरा किती लवकर येतो, यात घरातल्या बोलण्याचा हात असतो.

लक्ष ठेवूच नका असं आम्ही म्हटलं नाही, म्हणताही येणार नाही. प्रश्न एवढाच होता की लक्ष कशावर ठेवायचं, कुणी ठेवायचं, आणि हे ठरवायचं कुणी.

कागद

ठरवायचं त्यानेच, बरा असताना. त्याला एकच काम दिलं: गेल्या वेळी चढण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय काय बदललं ते आठवून लिहायचं. सर्वसाधारण लक्षणांची यादी पुस्तकात मिळते. पण प्रत्येकाचा आजार यायच्या खुणा त्याच्या त्याच्या असतात, आणि बरेचदा दर वेळी त्याच असतात. त्याने लिहिलेल्या खुणा अशा होत्या: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप होऊनही न थकणं. पहाटे पाचच्या आत दुकान उघडणं. उधारीवर तांबं उचलणं. जुन्या मित्रांना लागोपाठ फोन. चौथी खूण बायकोला माहीतच नव्हती, आणि तिची खूण, ‘उत्तरासाठी थांबत नाहीत’, त्याच्या यादीत नव्हती. ती वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने ती स्वतःच्या हाताने यादीत घातली.

या पाचांखेरीज काहीही आजाराची खूण म्हणून धरायचं नाही, असं ठरलं. हसणं नाही, भांडण नाही, कॉलनीतल्या गणपतीला वर्गणी जास्त देणं नाही.

बोलायचं कुणी? फक्त बायकोने. दादा आणि सासूबाईंनी गोळीचं नाव काढायचं नाही. शंका आली तर तिला सांगायची. तिनेही ‘गोळी घेतली का’ असं विचारायचं नाही. ‘कागद काढूया का?’ एवढंच म्हणायचं. त्यावर त्याने दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांना फोन करायचा. केला नाही तर ती करेल, आणि त्याला सांगून करेल. गोळ्यांची पट्टी तिने मोजायची नाही. आठवड्याचा डबा तो रविवारी भरेल आणि तो टेबलावर राहील. फोन बघणं बंद. करंट अकाउंटवर त्याची सही परत, पण 25,000 रुपयांच्या वरच्या व्यवहाराला दोघा भावांच्या सह्या. दोघांच्या, म्हणजे दादांच्या व्यवहारालाही. हे कलम त्याने मागितलं. दादांनी थोडी खळखळ केली आणि मान्य केलं.

पुन्हा दाखल करायची वेळ आली तर कुठल्या रुग्णालयात, कोणतं औषध चाललं होतं, कोणतं सोसलं नव्हतं, मुलगी तेवढे दिवस कुठे राहील, हेही त्याने लिहिलं. 2017 च्या कायद्याने अशा आगाऊ सूचनेला आणि आपला प्रतिनिधी आपण नेमण्याच्या हक्काला मान्यता दिली आहे. प्रतिनिधी म्हणून त्याने बायकोचंच नाव घातलं. जिच्या सहीचा राग त्याला कित्येक महिने होता, तिचंच. तिला मात्र ते लगेच नको होतं. ‘पुढच्या वेळी मी सही केली तर परत मीच वाईट,’ असं ती म्हणाली. त्यावर त्याने खाली स्वतःच एक ओळ घातली: सहीचा राग मी हिच्यावर काढणार नाही, काढला तर हा कागद मला दाखवावा.

तिच्या बाजूनेही एक कलम होतं, आणि ते मंजूर करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती मैत्रिणीकडे, माहेरी, कुठेही जाईल आणि त्या वेळी घर सासूबाई आणि जाऊबाई बघतील. आजारी माणसाच्या बायकोला विश्रांती लागते हे तोंडाने सगळे मानतात. पण संध्याकाळी सहाला ती पर्स घेऊन निघाली की घराच्या कपाळावर आठी पडते.

हाताचा कंप

पुढच्या मे महिन्यात कागदाबाहेरचं काहीतरी घडलं. चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरू लागला. जुलाब, मळमळ, चालताना तोल जाणं. सासूबाईंनी ‘परत सुरू झालं’ म्हणून देव पाण्यात घातले. बायकोने कागद पाहिला. पाचांतली एकही खूण नव्हती. म्हणून तिने डॉक्टरांना फोन करून नुसतं काय दिसतंय ते सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. लिथियमचं रक्तातलं प्रमाण साधारणपणे 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढं राखतात, त्याचं 1.6 आलं. मोटारी उचलून कंबर धरली म्हणून तो आठवडाभर औषधाच्या दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी खात होता, त्यात मेचं ऊन आणि पत्र्याच्या शेडखाली गळणारा घाम. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि शरीरातलं पाणी कमी होणं, दोन्हींमुळे मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायला कमी पडतात आणि ते अंगात साचतं. लिथियम थांबवून, रुग्णालयात दोन दिवस सलाइन देऊन तो घरी आला.

लिथियम 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादासाठी वापरून पाहिलं, आणि इतक्या वर्षांनंतरही आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याची बरोबरी करणारी औषधं फारशी नाहीत. पण ते बेताच्या मापातच काम करतं. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घेतलेल्या रक्ताची ठरावीक मुदतीने तपासणी, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या चाचण्या, पाणी भरपूर, मीठ एकदम बंद न करणं, कुठलीही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही: हे लिथियम घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी ते नीट समजावून सांगितलं जातंच असं नाही. त्या घरात आता फ्रीजवर चिठ्ठी लावलेली आहे, आणि दुकानात तिची एक प्रत.

कागदाची खरी परीक्षा डिसेंबरात झाली. दादांच्या मुलीचं लग्न, आदल्या रात्री हळद, लग्नानंतर जागरण-गोंधळ. तिन्ही रात्री तो उभा. या आजारात झोपमोड हे नुसतं लक्षण नाही, ते फेऱ्याचं निमित्तही होतं. म्हणून जागरणाला त्याने बाराला उठून झोपायला जावं असं ठरलं होतं. पण पुतणीचं लग्न, घरातला काका, उठणार कसा? चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला त्याने दुकान उघडलं. बायको शाळेला निघता निघता दुकानावर गेली आणि म्हणाली, ‘कागद काढूया का?’

तो भडकला. कामाची गडबड आहे, पाहुणे आहेत, तुला काही कळत नाही, असं दुकानातल्या पोरांसमोर बोलला. ती शाळेत गेली. मधल्या सुट्टीत फोन बघितला तर त्याचा मेसेज होता: ‘डॉक्टरांशी बोललो. आज रात्रीपासून झोपेची गोळी वाढवली. दादाला सांग, तांब्याची ऑर्डर मी दिली आहे ती रद्द कर.’ आठवडाभर तो थोडा चढाच होता, चिडचिड करत होता, पण झोपत होता. दाखल करावं लागलं नाही.

सध्या

गोल्ड लोन फिटलं आहे, वायरची उधारी निम्मी बाकी आहे. माहेरची मंडळी लग्नकार्याला येतात, त्याच्याशी बोलत नाहीत. सासूबाई गोळीचं नाव काढत नाहीत, पण जेवण अजून मोजतात. त्यावर काही उपाय सापडलेला नाही, आणि तोही आता त्याकडे दुर्लक्ष करतो. दादा आणि तो दुकानाच्या हिशेबावरून भांडतात, मोठ्या आवाजात, आणि दादा भांडणाचं उत्तर भांडणानेच देतात. बायको म्हणाली, यांचं भांडण ऐकू आलं की मला आता हायसं वाटतं.

ती रात्री अजून जागी होते. त्याला वेळ लागेल असं तिला सांगितलं आहे.

पुढच्या बैठकीचा विषय मुलीचा आहे. ती आता पाचवीत गेली आहे आणि तिने आईला विचारलं, ‘बाबांना काय होतं? मलापण होईल का?’ आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलांना तो होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेक मुलांना तो होत नाही, हे तिला तिच्या वयाला समजेल असं सांगायचं आहे. आईचं म्हणणं, आपण सांगू. त्याचं म्हणणं, माझा आजार आहे, मी सांगणार, तू शेजारी बस. यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.